वायरीला टेफ्लॉन कशाला?

२४ नोव्हेंबर, सोमवार
वर्कशॉपची खरेदी आजपासून माझ्याकडे. स्टोअरचा माणूस चाकणच्या कंपनीत निघून गेला, बरं झालं. धाकटी जाऊ ज्योत्स्ना टपूनच होती, पण थोरली मी. हे म्हणाले, बावड्याची भट्टी सुखरूप गेली तर खरेदी कायमची तुझ्याकडं, न्हायतर ज्योत्स्नाकडं. मी म्हटलं, मान्य. ती बारावी सायन्स असली म्हणून काय झालं? दहावीला गणितात अडुसष्ट मार्क मला आहेत.

भट्टी बावड्याच्या सोमनाथरावांनी करायला दिलेली. लोखंडी ग्रिलवर रंगाची पावडर मारायची आणि दोनशे डिग्रीला आत भाजायची. म्हणजे भाकरीच की. फक्त लोखंडाची.

संकल्प: वायफळ खर्च बंद.

२५ नोव्हेंबर
ह्यांनी तीनदा बजावलं, हीटरच्या जोडणीला टेफ्लॉनचीच वायर आण. टेफ्लॉन! तव्याला टेफ्लॉन असतं ते धिरडं चिकटू नये म्हणून. वायरीवर कोण धिरडं घालणार आहे? असं ह्यांना विचारलं तर हसले. म्हणजे पटलं.

२६ नोव्हेंबर, दुपारी
भिगवण रोडच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणाला, टेफ्लॉनमध्ये दोन प्रकार आहेत ताई, एफईपी दोनशे डिग्रीची आणि पीटीएफई दोनशे साठची. भाव ऐकून मी दुकानातल्या गणपतीला हात जोडले. शेजारीच साध्या वायरीचं बंडल होतं. त्यावर ठसठशीत छापलेलं, ११०० व्ही. अकराशे! कुठं दोनशे साठ, कुठं अकराशे. आणि तिकडच्या सात-आठ मीटरच्या भावात इकडं अख्खं बंडल. लोक फसतात ते असे. नाव इंग्रजी असलं की आकडा बघतच नाहीत.

म्हटलं, हे द्या. पांढरं द्या. दुकानदार म्हणाला, घराचं काम काढलंय वाटतं? मी नुसती हसले. धंद्यातलं गुपित आपण होऊन कशाला फोडा?

व्ही म्हणजे काय यावर रिक्षात विचार केला. व्हेरी असावं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. बंडल घटाशेजारी ठेवून हळदकुंकू वाहिलं, नजर लागू नये म्हणून वर खण झाकला. ज्योत्स्ना पाया पडायला आली ती देवीकडं कमी आणि खणाकडं जास्त बघत होती. अक्का, खाली काय ठेवलंय, म्हणाली. मी म्हटलं, गुरुवारचं तरी चौकशा करू नकोस, पोथी ऐक. ऐकली. चेहरा बघण्यासारखा होता.

२९ नोव्हेंबर
हे जोडणीला बसले. ह्यांचा चष्मा दांडी बदलायला टाकलाय. (काचा जुन्याच ठेवायला सांगितल्या. चांगल्या आहेत.) वायर हातात घेऊन म्हणाले, मऊ लागतीय गं, टेफ्लॉनच हाय ना? मी म्हटलं, त्याच्या चौपट वरची आहे. खोटं बोलले नाही. व्रत चालू असताना मी खोटं बोलत नाही.

खरेदी आपल्याकडेच राहणार असं दिसतंय. ज्योत्स्नाला एखादं लहानसं काम द्यावं. वाईट वाटायला नको तिला.

२ डिसेंबर, मंगळवार
आमच्या जळोचीच्या शेडमध्ये ट्रायल. हे म्हणाले, दोनशेवर चार तास चालवून बघू. रिकामी भट्टी, चार तास! रिकामा तवा कुणी असा तापत ठेवतं का? लाईटचं बिल कोण भरणार? नव्वदला बंद करायला लावली. उत्तम चालली. जरा वास आला. ह्यांनी नाक मुरडलं. नव्या वस्तूला वास यायचाच, नव्या साडीला नाही येत?

४ डिसेंबर, गुरुवार, दत्तजयंती, सकाळी
इंदापुरात भट्टीचा टेम्पो थांबलाय. हे आणि ड्रायव्हर चहाला उतरलेत. मी थर्मास आणलाय. सोमनाथरावांना अजून दोन भट्ट्या हव्यात असं हे आत्ता म्हणाले. तिन्हींचं श्रेय एकटीनं घेणं बरं दिसणार नाही. थोडं ह्यांना देईन.

दुपारी, बावडा
नारळ मीच फोडला. आत शाळेच्या खिडक्यांच्या ग्रिली लावल्यात, पांढऱ्या. सोमनाथराव म्हणाले, वहिनी, नारळ तुमी फोडला, आता पेढंबी तुमीच वाटा. पेढे मोठे होते. एकाचे दोन करून वाटले.

काटा एकशे तीसवर. सोमनाथरावांच्या आई, लक्ष्मीबाई, म्हणाल्या, कुणाची तरी चप्पल जळतीया. सगळ्यांनी आपापल्या चपला बघितल्या. होत्या. मी म्हटलं, ऊद असेल. त्या म्हणाल्या, असला ऊद लावला तर द्येव उठून जाईल.

एकशे ऐंशी. काळा धूर.

लाईट गेली. फक्त सोमनाथरावांची.

संध्याकाळी, परतताना
मागचा पत्रा उघडला तेव्हा वायरीचं पांढरं कातडं वितळून ओघळलं होतं आणि हीटरला, पत्र्याला, एकमेकांना चिकटून बसलं होतं. तांब्याच्या तारा उघड्या. ह्यांनी स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून बघितलं, निघेना. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दत्ताच्या फोटोकडं बघितलं.

सोमनाथराव तसे सभ्य आहेत. एवढंच म्हणाले, वहिनी, शाळंनं पांढऱ्या सांगितल्या हुत्या, म्हशीच्या रंगाच्या न्हाय.

शांतपणे विचार केला. नव्वदला वायर उत्तम होती. म्हणजे दोष वायरीत नाही, उष्णतेत आहे. हे मी ह्यांना सांगितलं. त्यांनी टेम्पो थांबवला आणि बारामतीपर्यंत मागच्या हौद्यात बसून आले.

६ डिसेंबर
ज्योत्स्ना उरलेलं बंडल मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, अक्का, व्ही म्हणजे व्होल्ट. तो विजेचा आकडा हाय. सोसायच्या गरमीचा आकडा हितं बारीक लिहिलाय, सत्तर डिग्री. टेफ्लॉन चिकटू नये म्हणून न्हाय वापरत, वितळू नये म्हणून वापरतात. आणि हसू दाबायला पदर तोंडाला लावला. मला दिसलं.

सत्तर! बिनकामाचा आकडा एवढा मोठा आणि कामाचा आकडा मुंगीएवढा, ही कुठली रीत? कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार. ग्राहक म्हणून आपण गप्प बसता कामा नये.

(लिहिलं नाही. संकष्टी आली मध्ये.)

९ डिसेंबर
हे बावड्याला जाऊन वायर बदलून आले. पीटीएफई, दोनशे साठची. आणली ज्योत्स्नानं. भट्टी दोनशेवर चार तास चालली म्हणे, ग्रिली घासून पुन्हा पांढऱ्या झाल्या. चार तास! बिल येईल तेव्हा कळेल सगळ्यांना. अर्थात ते सोमनाथरावांना येईल. तरी पण.

११ डिसेंबर, गुरुवार
सोमनाथरावांचा फोन. ह्यांनी मुद्दाम स्पीकरवर ठेवला. दोन भट्ट्यांची ऑर्डर पक्की! म्हणाले, सर्जेराव, अट एकच हाय. वायर वहिनींनी आणायची न्हाय. नारळ किती बी फोडू द्या.

माझ्या तब्येतीची काळजी करतात. ऊन फार असतं भिगवण रोडला.

१८ डिसेंबर, गुरुवार
उद्यापन. पाच सवाष्णी बोलावल्या. पहिली ओटी ज्योत्स्नाची भर म्हणून हे म्हणाले. भरली. खरेदी तिच्याकडं गेली. हे म्हणाले, नाराज होऊ नगंस, एक खातं तुझ्याकडं ठेवलंय, वर्कशॉपातल्या देवाचं. हार, कापूर, उदबत्ती. जबाबदारीचं काम आहे. देवाचं कुणाच्याही हातात देता येत नाही.

दुपारीच जाऊन उदबत्तीचा पुडा आणला. ज्योत्स्नानं तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, वास घेतला आणि म्हणाली, अक्का, ही डास पळवायची उदबत्ती हाय, पुडा बदलून आणा.

आणला बदलून.