ज्याचा रुमाल, त्याची जागा

३ जून
आलो एकदाचा संभाजीनगरला! नोकरी बुलेट ट्रेनच्या लाईनीवर, तिकीट तपासनीसाची, पण गाडी सर्वथांबा. वेगवान गाडी दोन तासांत नागपूरहून येते. आम्ही मात्र प्रत्येक स्टेशनाला रामराम घालत. मित्र म्हणतात, बुलेटची बैलगाडी. म्हणोत बापडे! क्वार्टर मिळालं की सरोजिनीला नागपूरहून, माहेराहून आणायचं. लग्नाला तीनच महिने झालेत. तिच्याशिवाय करमत नाही.

६ जून
नागपूरहून परतताना कोळवाडीला आम्ही सहा मिनिटं बाजूला उभे राहतो. मागची वेगवान गाडी न थांबता पुढे जाते. गाव लाईनीसाठी उठवलेलं, त्यामुळे चढणारं कुणी नाही. तरी तिथं थांबलो की चौदा नंबरच्या सीटवर लाल काठाचा पंचा! एसटीत खिडकीतून टाकून जागा धरतात, तसा. आमच्या खिडक्या तर उघडतच नाहीत. प्लॅटफॉर्म झाडणारे कारभारीमामा म्हणाले, "उचलू नका साहेब. गावातली मेलेली माणसं जागा धरत्यात. ज्याचा रुमाल, त्याची जागा." मला हसू आवरेना.

९ जून
आज तोबा गर्दी. द्वारकाबाई नावाच्या आजी उभ्या होत्या. मी पंचा उचलून त्यांना चौदावर बसवलं. "लई उपकार झाले लेकरा," म्हणाल्या. संभाजीनगर आलं, तरी उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मीच बसवलं होतं त्यांना.

१० जून
पंचा पुन्हा चौदावर. शेजारी पंधरावर निळा रुमाल. कोपऱ्यात 'श्री' भरलेलं. सरोजिनीनं लग्नात मला दिलेला. खोलीवर येऊन ट्रंक उपसली — त्यात नाही. कारभारीमामांना विचारलं होतं. म्हणाले, त्यांची जागा दुसऱ्याला दिलीत, आता त्यांनी तुमच्या घरच्या माणसाची धरली. तुमी, न्हाय तर तुमचं माणूस.

११ जून
सरोजिनीला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. ऐकत नाही. क्वार्टर नसलं तरी उद्या येतेच म्हणे, वेगवान गाडीनं. ती कोळवाडीला थांबत नाही. थांबत नाही — हेच घोकतोय.

१२ जून
कोळवाडी. वेगवान गाडी बंद पडलीय. शेजारीच उभी. तिची माणसं आमच्यात घ्या, असा हुकूम. डबा भरला. दोनच जागा उरल्या —

पंधरावर मीच बसलो. तिनं बसू नये म्हणून. आता पाय हलत नाहीत. आवाज फुटत नाही. हात तेवढा चालतो.

सरोजिनी दारात. मला पाहून हसली. शेजारची जागा माझ्यासाठी धरलीत ना, म्हणतेय.

नको — उचलू नको —

वही दाखवतोय. बघतच नाही —

पंचाची घडी केली. माझ्या मांडीवर ठेवली. आणि ती चौदाव