गुरुवारचं सातवं गिऱ्हाईक

टॅनर्स बेंड, ओहायो
शुक्रवार, १८ ऑक्टोबर

प्रिय लोर्ना,

नऊ महिने आपण बोललो नाही, म्हणून हे पत्र. फोन तू ठेवून देशील, पत्र निदान उघडशील. मी बरी आहे. यंदा सफरचंदं उदंड आली. मुरांब्याच्या चार बरण्या तुझ्यासाठी बाजूला ठेवल्यात. गॅरेजमधलं माझं केसांचं दुकान अजून चालू आहे, पण किती दिवस ते सांगता येत नाही.

मार्चमध्ये समोर वेंडेल ग्रब म्हणून एक निवृत्त गृहस्थ राहायला आले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात; इथे न्हावीण मी आणि रिकामे ते. खिडकीत बसून माझी गिऱ्हाइकं मोजतात. घरच्या धंद्याला दिवसाला सहाच गिऱ्हाइकांची परवानगी, हे तुला माहीत आहे. यांनी नगर कार्यालयात लेखी दिलं की दर गुरुवारी सात येतात. माझ्या वहीत सहाच. मी तणतणत त्यांच्या दारात गेले.

"मोजता येत नाही का तुम्हाला?"

"अहो बाई, एकतीस वर्षं शाळेच्या बसमध्ये पोरं मोजलीत मी. चार वाजता ती म्हातारी येते ना, हिरव्या कोटातली? ती सातवी."

"कसली म्हातारी?"

"डोक्याला प्लास्टिकचा रुमाल बांधलेली. पायरीवर दोनदा बूट आपटते नि आत जाते. खरं सांगू? बाहेर पडताना मी तिला एकदाही पाहिली नाही. ठेवता कुठे तिला?"

हिरवा कोट, तो रुमाल, ते दोनदा बूट आपटणं, सगळं आपल्या आईचं. पण ग्रब इथे आले त्याच्या दोन महिने आधीच ती गेली होती.

आता जे टाळायला मी सफरचंदांचं पुराण लावलं, ते लिहिते. दर गुरुवारी चारला मी आईचे केस सेट करायचे, म्हणून शवपेटीपाशी तू विचारलंस, "गुरुवारी गेली ना ही? मग केस का सेट केलेले नाहीत?" मी तोंड फिरवलं. तुला वाटलं, मला काहीच वाटत नाही.

जानेवारीत कुणीतरी तक्रार केली होती आणि ताकीद आली होती: पुन्हा सातवं गिऱ्हाईक दिसलं तर परवाना रद्द. गिऱ्हाइकांत आई धरायची का, हे मी नगर कार्यालयात फोन करून विचारलंसुद्धा. तिथली बाई म्हणाली, "केस करून घ्यायला आली तर धरायची. जेवायला आली तर नाही." त्या गुरुवारी एक नवी बाई अचानक आली. नाही म्हणवेना, आईची जागा मी तिला दिली. चारला आई आली. दारातच मी म्हटलं, "आई, तू सातवी होतेस. उद्या ये."

ती हसली. "आईला रांगेत उभी करतेस काय गं? बरं बाई, उद्या."

ती घरी गेली नाही, लोर्ना. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की जेवायला म्हणून यायचं तिच्या मनात असणार. चर्चच्या मागे गाडी लावून वाट पाहत बसली. तिथेच सापडली, मांडीवर रोलर्सची पिशवी. डॉक्टर म्हणाले, हृदय. थंडी किती होती, तुला आठवत असेल. घरी जाताना वाटेत गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही. मला स्वतःची लाज वाटते.

मंगळवारी सुनावणी आहे. म्हाताऱ्याला धड दिसत नाही म्हणा, असं वकील सुचवतो. मला ते जमेना.

काल गुरुवारी मी एक गिऱ्हाईक रद्द केलं आणि वहीत चारच्या ओळीवर आईचं नाव लिहिलं. कोमट टॉवेल, गुलाबी रोलर्स काढून ठेवले. चारला पायरीवर दोनदा बूट आपटल्याचा आवाज आला. मी आरशात पाहिलं नाही. डोळे मिटून खुर्चीमागे उभी राहिले आणि हात चालवत राहिले. हाताला केस लागत होते, थंडगार.

आज सकाळी ग्रब कुंपणाशी आले. "काल सहाच झाली हं. म्हातारी पाच वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडली. केस काय छान दिसत होते हो!"

मंगळवारी मी सांगणार आहे की ग्रबनी बरोबर मोजलं, सातवी माझी आई. परवाना जाईल तर जाऊ दे. तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर मात्र तुला आधी देते: आईचे केस झाले.

रागावलेली असलीस तरी ये. जेवायला ये. जेवायला आलेली माणसं इथे कुणी मोजत नाही.

आईला दारातून परत पाठवणारी, तुझीच,
आर्डिथ