नाक बंद, राजेळी पेंढ्यात

सोम. ८ डिसें.
घसा सकाळपासून खवखवतोय. नेमका आजच. काल सासूबाई कोठीच्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "यंदा राजेळी तू बघ." बावीस वर्षांत पहिल्यांदा.
राजेळी केळ्यांचे आठ घड पेंढ्यात झाकलेत. पिकले की सोलायचे, उन्हात वाळवायचे, सुकेळी करायची. २८ ला नणंदेच्या मुलीचं लग्न. रुखवतात मामाच्या घरची सुकेळी हवीच. ह्या घराण्यातलं एकही लग्न त्याशिवाय झालेलं नाही.
पेंढा उघडून बघायचा नाही, ऊब जाते. दारात उभं राहून वासावरून ओळखायचं. सा.बा. जन्मभर तेच करत आल्या. मी नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधली, डझनावर केळी आणणारी. तरी माझ्यावर सोपवलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
मिठाच्या गुळण्या दोनदा.

मंगळ. ९
नाक वाहतंय. डोकं जड. ताप नाही, दोनदा बघितला.
हे म्हणाले, डॉक्टरकडून गोळ्या आण, कडक. मागच्या वर्षी त्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं, साध्या सर्दीला त्या गोळ्यांचा उपयोग नाही. गरम पाणी प्या, विश्रांती घ्या. विश्रांती. चुलीला कोण सांगणार?
विहिरीमागची गवती चहाची पात, आलं, गूळ. तीन वेळा प्यायले. पाचूबंदरची म्हावरंवाली दारात आली, मला बघून टोपली खाली न ठेवताच म्हणाली, "गरम पानी पी बाय, आन् जवल्याचा रस्सा कर झनझनीत." रस्सा करायला उभं राहायचं कोणी, ते नाही सांगितलं.

बुध. १०
नाक ठार बंद. कोठीच्या दारात पाच मिनिटं उभी. काही नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं.
वाफ घेतली. पातेलं खाली जमिनीवर, डोक्यावर टॉवेल. दहा मिनिटांनी डावी नाकपुडी सुटली. तशीच टॉवेलसकट कोठीकडे पळाले. पडवी ओलांडेपर्यंत पुन्हा बंद. हे दाढी करत होते, म्हणाले, काय गं, भूत लागलं का? मलाही हसू आलं, मग खोकला.
रात्री दोन उशा. आडवी झाले की श्वासच कोंडतो.

गुरु. ११
हट्ट सोडला. सा.बां.ना सांगितलं, "आई, मला वासच येत नाही. तुम्ही या एकदा." क्षणभर बघत राहिल्या माझ्याकडे. मग आल्या, वाकल्या, बराच वेळ तशाच. "अजून तीन दिवस," म्हणाल्या. (त्या घरच्या बोलीत बोलतात, मी माझ्या मराठीत लिहिते. ती बोली मला बोलता आली नाही ती नाहीच.)
डोक्यावरचं ओझं उतरलं. दुपारी चक्क झोपले, दोन तास. सा.बां.नी मऊ भात टाकला, वर मेतकूट, तूप. चव कळली नाही. पण कोणीतरी ताट वाढून दिलं.

शुक्र. १२
आल्याचा रस, मध. खोकला जरा सैल.
कोठीच्या उंबऱ्यावर चिलटं दिसली. सा.बां.ना सांगितलं. म्हणाल्या, यंदा थंडी कुठे आहे, चिलटं असायचीच. मला पुढे विचार करायचं त्राण नव्हतं.

शनि. १३
गेलं सगळं.
हे वाडीतून आले, पडवीतच थांबले. "अगं, वास केवढा सुटलाय! आंबलं ना सगळं." पेंढा काढला. आठातले सहा घड लिबलिबीत, सालं फुटलेली. उरलेल्या दोनांत कसलं रुखवत होतंय?
"एक काम दिलं होतं तुला," हे म्हणाले.
मी सा.बां.कडे बघितलं. त्या अंगणाकडे बघत होत्या. तीन दिवस त्यांनी सांगितले होते, मी नाही.  तरी ते ह्यांना सांगितलं नाही. संताप संताप झाला. बावीस वर्षांनी सोपवलं आणि खापर फोडायला माझंच डोकं सापडलं. जेवले नाही.

रवि. १४
दूध करपलं. मी गॅसकडे पाठ करून भाजी चिरत होते, सा.बा. गॅसजवळच स्टुलावर वाल सोलत बसलेल्या. ह्यांनी बाहेरून ओरडून सांगितलं तेव्हा कळलं. पातेल्याचं बूड काळं, स्वयंपाकघरात धूर.
माझं नाक बंद, ते ठीक. पण त्यांचं?
हे गेल्यावर विचारलं. "आई, कधीपासून?"
वाल सोलत राहिल्या. "त्या मोठ्या साथीत आजारी पडले ना, तेव्हा गेला वास. परत आलाच नाही."
"मग इतकी वर्षं राजेळी?"
"दिवस मोजायचे. आणि तुझ्यावर नजर ठेवायची. तू कोठीवरून येता-जाता एक दिवस थबकायचीस. थबकलीस की दुसऱ्या दिवशी काढायची."
मला तर आठवतही नाही, मी कधी थबकले ते.
"यंदा तू थबकलीच नाहीस," म्हणाल्या. "मला वाटलं, वेळ आहे अजून."
 पातेलं घासायला घेतलं. उगाच घासत बसले.

सोम. १५
ह्यांनी वाडीतले शेवटचे जून घड उतरवले. पाच. आजच पेंढ्यात घातले. सहा-सात दिवस पिकायला, सहा वाळायला. २८ ला लग्न. एक दिवसही चुकायला जागा नाही.
सा.बा. हळूच म्हणाल्या, "त्याला सांगू नको." मी म्हटलं, बघू. ह्यांचं माझ्याशी तुटक बोलणं चालूच. दोघींच्या चुकीचं ओझं एकटीने वाहायचं, आणि वर हा खोकला. दमले मी.
गुळण्या, वाफ, गरम पाणी. आता सर्दीसाठी नाही, पाच घडांसाठी.

शुक्र. १९
सकाळी तोंड धुताना साबणाचा वास आला. साबणाचा! रडू आलं वेड्यासारखं.
कोठीच्या दारात गेले. सा.बा. मागून येऊन उभ्या राहिल्या. "काय येतंय?"
"पेंढ्याचा येतोय. ओलसर."
"आणि?"
"हिरवट. थोडं तुरट."
"कच्ची आहेत," म्हणाल्या. डोळे मिटले होते. "आता आधी काकवीसारखा येईल. मग त्यात फुलासारखं काहीतरी मिसळेल. ते मिसळलं की दुसऱ्या दिवशी काढायची. आंबूस यायची वाट बघायची नाही."
बावीस वर्षांत हे पहिल्यांदा सांगितलं. त्यांना वास येत होता तेव्हा सांगितलं नाही.

रवि. २१
काल काकवी. आज दुपारपर्यंत काकवीच. चार वाजता गेले तर त्यात दुसरं काही. फूल म्हणावं का? चाफ्याच्या जवळपासचं. की मला हवं आहे म्हणून येतंय? उजवी नाकपुडी अजून अर्धीच.
हे आले. "आई, काढायची का?" त्यांनी आईंनाच विचारलं. मी तिथेच उभी.
आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.
मी म्हटलं, "उद्या सकाळी."
"उद्या सकाळी," आई म्हणाल्या.
ह्यांनी एकदा आईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग वाळवणाच्या चटया झटकायला गेले. त्यांना काय कळलं, देव जाणे.
पश्चिमेला ढग आलेत.