पायांवरचं न्हाणं

इचलकरंजी, जानेवारी २००८

प्रिय रुचिता,

अण्णाचं पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट नसले तरी जागेवर आहेत. फोनच केला असता, पण फोन सोप्यात आणि तुझी आई कायम त्याच्या शेजारी. म्हणून कारखान्यात, मागांच्या खडखडाटात बसून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच.

आईनं तुझ्या बाळंतपणासाठी डिंक आणलाय, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून घेतलीत. स्वतः शिवली नाहीत, शिवून घेतलीत. दोन वर्षांपूर्वी चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा गल्ली सगळी कमरेत वाकली होती. कोंबडी खाल्ल्यानं होतो, असं लोक म्हणायचे. आपण जैन, सात पिढ्यांत कोंबडी शिवलेली नाही, म्हणून तुझी आई शेजारच्या आक्काला चिडवायची, आणि दारातलं पाण्याचं बॅरल उघडंच असायचं. डास काय धर्म विचारून चावतो होय? चार दिवसांत तीच अंथरुणाला खिळली.

ताप आठवड्यात उतरला. बोटं आणि मनगटं सुजली ती मात्र अजून धड नाहीत. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, रोगाचे जंतू कधीच गेले, पण त्यांच्याशी लढायला उठलेलं शरीर आता स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय. गोळ्यांनी दुखणं दबेल, जाईलच असं सांगत नाही. माग कुठं अडलाय हे मी आवाजावरून ओळखतो, पण बायकोच्या बोटांपुढं माझी अक्कल गुडघे टेकते. सकाळी तिच्या झंपरची बटणं मीच लावतो. तुला फोनवर ‘बरी हाय’ एवढंच कळायचं, कारण तिनं मला गळ्याची शपथ घातली होती. दिवाळीत तू आलीस तेव्हाच्या करंज्या आक्कानं करून दिल्या होत्या. आई पदराखाली हात घेऊन बसायची, आणि तुला वाटलं, थंडी वाजतेय.

गल्लीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालीत, हे तुला ठाऊकच आहे. बाळाला न्हाऊ घालायला धोंडुबाईला सांगूया, असं मी सुचवून बघितलं. ताट बाजूला सारून म्हणाली, माझ्या लेकीचं बाळ दुसरीच्या पायावर? जीव हाय तवर न्हाय. दोन वेळ जेवली नाही.

परवा कारखान्यातून लवकर घरी आलो. ती न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसली होती. पायांवर तेल लावलेला मोठा दुधी भोपळा. एका हातानं तो तोलून धरायची, दुसऱ्यानं त्यावर तांब्यानं पाणी घालायची आणि अंगाईसारखं काहीतरी पुटपुटायची. मला हसू आलं गं, खरंच आलं. तेवढ्यात तिचं मनगट लुळं पडलं आणि भोपळा निसटून दगडावर आपटला. दोन तुकडे झाले. तिनं ते उचलायचा प्रयत्न केला, तेही जमेना. मी पाय न वाजवता मागं फिरलो आणि चौकात जाऊन उभा राहिलो. जेवताना तिनं दुधीची भाजी वाढली आणि विचारलं, मीठ बरोबर हाय न्हवं?

सातव्यात तुला आणायची तिनं तिथी काढलीय. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे मलाही कळतं. पण पोरी, तू येऊ नकोस. सासूबाईंनी ठेवून घेतलं, असं तिला फोनवर सांग. त्यांच्याशी मी बोलतो, हात जोडीन. तू इथं असलीस की ती बाळाला पायांवर घेणारच, आणि तिला अडवेल असा माणूस या घरात नाही. मी तर नाहीच, मला तिच्या तोंडाकडं बघून बोलता येत नाही. ती रडेल, व्याह्यांना नावं ठेवेल, ते मी ऐकून घेईन. तुझी खोली मी चुन्यानं रंगवलीय. मला तू यायला हवी आहेस. येऊ नकोस.

तुझाच,
अण्णा