आईचा गोड आवाज

११ ऑक्टोबर, रविवार

ती. दादास,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तू, वहिनी आणि पिल्लू मजेत असालच.

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे गं, रात्री करतो" म्हणतोस आणि तुझी ती रात्र काही होत नाही. पत्र मधेच कट करता येत नाही. तू वाचलं नाहीस तर वहिनी वाचेल, आणि मग तुलाही वाचावंच लागेल.

आधी बातम्या. जिन्यातला दिवा एकदाचा बदलला. माझी मुलगी गाडीच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाली. आईच्या जागी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक तरुण मुलगा आलाय. मालक म्हणतात, शिकवताना तो कधी आवाज चढवत नाही. त्याचे विद्यार्थी मात्र महिन्याभरात दोनदा फुटपाथवर चढले. बाबा ठीक आहेत.

बाबा ठीक नाहीत, दादा. उगीच कशाला लिहू तसं. ते दाढी करत नाहीत, उभ्याउभ्या दोन घास खातात, आणि तू पाठवलेला तो व्हिडिओ लावून बसतात. त्यासाठीच हे पत्र आहे. माझं डोकं इतकं फिरलंय की हा तिसरा कागद. पहिले दोन फाडले.

त्या दिवशी आईच्या शोकसभेला स्कूलच्या हॉलमध्ये सगळे जमलो होतो. तू पडद्यावर आलास, हात जोडलेस, सुट्टी मिळाली नाही म्हणालास. बरं. मग म्हणालास, "आईनंच तुमच्याशी बोलावं असं मला वाटलं." आणि पडद्यावर आई आली. केस चापूनचोपून बसवलेले. आईचे केस आयुष्यात कधी जागेवर होते? आणि काय ती भाषा! "मी तृप्त आहे. पत्नी, आई आणि आजी म्हणून मला सगळं मिळालं. माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही. आपापली कामं सोडून आलात, आभारी आहे. अहो, तुमचंही काही चुकलं नाही. काळजी घ्या."

मशीननं केलं म्हणे. आईनं तुला फोनवर पाठवलेले आवाजातले निरोप घेऊन हुबेहूब तिचा आवाज. तुझ्या ऑफिसात सगळ्यांनी वाखाणलं असेल.

हॉलमध्ये अर्धेअधिक लोक तिच्या हाताखाली शिकलेले होते. रुग्णवाहिका चालवणारा तो आडदांड माणूस मला बाहेर गाठून म्हणाला, "ताई, शेवटी मॅडमना काही झालं होतं का? अशा का बोलत होत्या?" त्याला आई म्हणायची, "आरसा बघ, आरसा! तोंड बघायला नाही दिलेला!" ती त्याच्यावर इतकी ओरडायची की सिग्नलवरचे लोक काचा खाली करून बघायचे. तो पहिल्या परीक्षेत पास झाला. ज्याला गाडी येणं शक्यच नाही अशी तिची खात्री पटायची, त्यालाच ती मऊ आवाजात म्हणायची, "छान चालवता हं तुम्ही," आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शिक्षकाकडे देऊन टाकायची.

आणि घरात? ती तोंड सोडायची तेव्हा सगळं आलबेल असायचं. तिच्या जिभेवर साखर आली की आपण कोपऱ्यात जाऊन आठवायचो, कुणी काय केलं. तिनं सोनेरी काठाचा कप काढून चहा दिला की समजायचं, आता खैर नाही. मामानं तिला न सांगता आजोबांची जागा विकली तेव्हा तिनं त्याला त्याच कपात चहा दिला, "येत जा हं मधूनमधून" म्हणाली, आणि पुढे जन्मभर त्याचं तोंड बघितलं नाही. हे तुला मी सांगायला हवं का? तू याच घरात वाढलास ना?

माझ्या मुलीनं ओळखलं. ती बाबांच्या शेजारी बसली होती. व्हिडिओ संपला, लोक डोळे पुसत होते, आणि ही हळूच म्हणाली, "आजोबा, आजी कुणावर एवढी चिडलीये?"

तेव्हापासून बाबा असे आहेत.

त्यांना वाटतं, त्यांच्यावर. ती गेली त्या सकाळी ते तिच्या गोळ्या आणायला खाली गेले होते, आणि दुकानदाराशी बोलत उभे राहिले. तो जुना चष्मा घेऊन बसला होता. बाबांनी जन्मभर चष्म्याच्या काचा घासल्या, त्यांनी काडी नीट करून दिली. वर येईपर्यंत आई गेलेली. आता ते व्हिडिओ लावतात, "तुमचंही काही चुकलं नाही" या वाक्याशी थांबवतात आणि मला म्हणतात, "ऐकलंस? म्हणजे चुकलं."

मी समजावून थकले. म्हटलं, बाबा, ही आई नाही, मशीन आहे. तर म्हणाले, "शब्द मशीनचे असतील. सूर तिचा आहे. पंचेचाळीस वर्षांचा संसार आहे. चार-पाचदाच ऐकलाय, पण ओळखतो." म्हटलं, अहो, खाली जाताना गॅलरीतून ती तुमच्यावर ओरडली ना, "ध्यान! सुटे घेऊन जा, नाहीतर तो सुटे शोधत बसेल!" सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं. चिडली असती तर ओरडली असती का? तर म्हणाले, "तेव्हा नव्हती चिडली. मी उशीर केला, मग चिडली."

आणि खरी गंमत ही आहे, दादा, की बाबांचा कान बरोबर आहे. सूर तिचाच आहे. ती चिडलेलीच आहे.

हे मी लिहिणार नव्हते. आईनंच मला गप्प बसवलं होतं. "त्याचं त्याला कळू दे," म्हणायची. पण ती गेली, आणि तुला काही कळलं नाही. आता बाबा वाळत चाललेत, तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप घालायला कुणी उरलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी ती पिल्लूला बघायला तुझ्याकडे आली होती. तुझे साहेब जेवायला आले. ते गल्लीत गाडी मागे घेत होते, आणि आईनं खिडकीतून हाक दिली, "अहो शहाणे, आरसा कशाला लावलाय? थांबा! थांबा म्हणते ना!" साहेबांची गाडी खांबाला लागता लागता वाचली, पण तुझं नाक कापलं गेलं. तू स्वयंपाकघरात येऊन तिला म्हणालास, "आई, इथे जरा हळू बोल. माणसांसारखं बोल." ती "बरं" म्हणाली. दोन दिवसांनी परत आली. बाबांना सांगितलं, नातीला सर्दी होती, वहिनीला त्रास नको म्हणून लवकर निघाले. मला मात्र गाडीत बसवलं, एका रिकाम्या रस्त्यावर नेलं आणि सगळं सांगितलं. रडली नाही. स्टिअरिंग तेवढं घट्ट धरून होती.

त्यानंतर ती तुझ्यावर कधी ओरडली का? आठव. स्कूलमधून, दोन शिकवण्यांच्या मधे, बाबांच्या कानावर पडू नये अशा बेतानं तुला आवाज पाठवायची. "कसा आहेस? वेळ मिळाला तर ये. नाही जमलं तरी काही हरकत नाही. काळजी घे." मी शेजारी बसून ऐकायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा. तू मला फोनवर म्हणायचास, "आई किती निवळली गं आता!" निवळली म्हणे! गाढवा, ती सहा वर्षं तुला सोनेरी काठाच्या कपात चहा देत होती!

तीही कमी हट्टी नव्हती. मी तिच्याशीही भांडले. म्हटलं, एकदा झाड त्याला आणि मोकळी हो. तर म्हणायची, "त्यानं हळू बोल म्हटलंय. तो म्हणेल जोरात बोल, तेव्हा बोलेन." वाट बघत होती रे ती. फोन वाजला की आधी नाव बघायची. तू एकदा जरी चिडून विचारलं असतंस, "आई, अशी परक्यासारखी काय बोलतेस?" तर तुला अशा शिव्या बसल्या असत्या की तुझे शेजारी जागे झाले असते. तेवढंच हवं होतं तिला. आणि तू ते आवाज जपून ठेवलेस, आणि तेच मशीनला दिलेस. आई तुला हवी होती तशी शेवटी मिळाली. हळू बोलणारी.

मला रडू येतंय आणि त्याचाही राग येतोय. असो.

मी बाबांना हे सांगून बघितलं. म्हटलं, तो सूर तुमच्यासाठी नाही, दादासाठी होता. तर मान हलवून म्हणाले, "माझ्या समाधानासाठी भावावर ढकलू नकोस. तो सभेत म्हणाला ना, सहा वर्षांत त्याचा आणि आईचा एकदाही शब्दानं शब्द वाढला नाही." अभिमानानं सांगितलंस तू ते, सगळ्यांसमोर. बाबांनी विश्वास ठेवला.

म्हणून आता तुलाच यावं लागेल. फोन नाही, व्हिडिओ नाही, सुट्टीचं रडगाणं नाही. ये, त्यांच्यासमोर बस, आणि आई खरोखर पाठवायची ते आवाज त्यांना एकेक करून ऐकव. ते पहिल्या दोन शब्दांत ओळखतील. मग त्यांना सांग, "बाबा, हा राग तुमचा नाही. माझ्या वाट्याचा आहे. मला परत द्या."

तुला ते जड जाईल हे मला माहीत आहे. मी दाराबाहेर उभी राहीन.

तुझ्यावर ओरडणारी घरात उरलेली एकटीच बाई,
तुझी बहीण