सांध्यातली फट

२ मार्च
ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. सोबतच्या डबीत माझं नवं पेन आहे. अक्रोडाचे आणि पांढऱ्या लाकडाचे बारीक तुकडे तिरके कापून चिकटवले, आरपार भोक पाडून पितळी नळी बसवली आणि मग लेथवर कातलं, सगळं तुम्ही शिकवलंत तसंच. तो फिरता वळसा तेवढा माझ्या डोक्यातला. महिनाअखेरीस प्रदर्शन आहे. पेनांच्या दुकानाचे मालक येणार आहेत. हे त्यांना पसंत पडलं तर वर्षभराचं काम मिळेल आणि ऑफिसची नोकरी एकदाची सुटेल. असं दुसरं पेन माझ्याकडे नाही. नजरेखालून घाला आणि लगेच परत पाठवा.

काकूला नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.
आपली,
खुडबुडी

९ मार्च
चि. खुडबुडीस,
अ. उ. आ.

पेन पोचलं. बरं आहे. याहून जास्त कौतुक माझ्याकडून होणार नाही, कारण माझ्या पोटात दुखतंय. तुझ्या काकूने ते शेजारीपाजारी मिरवून आणलं. माझी पेनं तिच्या सुईदोऱ्याच्या डब्यात धूळ खात पडली आहेत, आणि तुझं मात्र रुमालात गुंडाळून ठेवते! समोरच्या घड्याळवाल्याने विचारलं की हे माझ्या हातचं का. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली की यांना कुठलं जमतंय.

लेथवर माझा जन्म गेला. एवढ्या सांध्यांत कुठेतरी केसभर फट असणारच. भिंग घेऊन बसलो आहे, सापडली की कळवतो.

लोभ सध्या जरा पातळ झाला आहे, सांभाळून घेणे.
तुझा,
काका

१७ मार्च
ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

पेन अजून आलं नाही. रोज टपालाची वाट बघते. बाबा हसून म्हणाले की त्यांचं अक्षर चांगलं म्हणून लहानपणी तुम्ही मुद्दाम त्यांची दौत सांडायचात. मी त्यांच्याशी भांडले. फट सापडली असेल तर खुशाल कान उपटा, पण पेन पाठवा. दुकानाच्या मालकांना मी त्याचं वर्णन करून बसले आहे.

कृपा असावी, आणि घाईही.
आपली,
खुडबुडी

२० मार्च
चि. खुडबुडीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. भिंगातून फट दिसेना. वाटलं, पॉलिशखाली दडली असेल. म्हणून पेन लेथवर चढवलं आणि अगदी पातळ साल काढली. नाही दिसली. मग आणखी थोडी. आतले सांधेही तसेच, लाकूड जसं काही तसंच उगवलं होतं. मला थांबता येईना. पितळ चमकलं तेव्हा भानावर आलो. हातात नुसती नळी राहिली आणि पायाशी भुसा.

फट नव्हती, पोरी. मला तुझा हेवा वाटतो. तो मला इतकं आंधळं करेल असं मात्र वाटलं नव्हतं. काकूने बोलणं टाकलं आहे. तू म्हणशील ती शिक्षा.
तुझा,
काका

२३ मार्च
काका,

आज नमस्कार नाही. आधी रडले, मग तुम्हाला जे जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आता ते पेन तुम्ही करायचं. माझा वळसा, तीच लाकडं, प्रदर्शनाच्या आत. मी ते मधोमध मांडेन आणि कुणी विचारलं तर माझं म्हणून सांगेन. तुमचं नाव निघणार नाही. जमणार नसेल तर तसं लिहा, म्हणजे काकूचं म्हणणं खरं होतं असं मी धरून चालेन.
खुडबुडी

२८ मार्च
चि. खुडबुडीस,
अ. उ. आ.

पेन घेऊन काकू स्वतः येत आहे. ते मला हाताळूही देत नाही. आधीचे दोन ठोकळे भोक पाडताना फुटले, तिसऱ्यात वळसा चुकला. तू किती अवघड गोष्ट केली होतीस ते तेव्हा कळलं. शेवटी जमलं. आजवर माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं पेन आहे ते, आणि ते तुझं आहे.

एकच मागणं. काम मिळालं तर लगेच कळव, मी मनापासून खूश होईन. पण पेन बघून मालक काय म्हणाले ते मात्र लिहू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं एवढं कौतुक करणार आणि तेही तुझं नाव घेऊन! ते सोसण्याइतका मी अजून मोठा झालो नाही.

राग ओसरला की थोडा लोभ असू दे.
तुझा,
जळका काका