वस्ती आढळून आली नाही

तीर्थरूप मामांच्या पायाशी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला आहे, म्हणून प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच केला, पण आपल्या शाखेच्या रिवाजाप्रमाणे तो समक्ष केला असे समजावे.) तुमच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला असे कळले, दुसऱ्याचा मुहूर्त कधी? मामींचा दमा कसा आहे? आई बरी आहे. म्हणजे ती बरी आहे हे मी ऐकून लिहितो आहे, त्याचा खुलासा पुढे येईलच. मी ठीक. पत्र लांबेल, चष्मा आणि चहा दोन्ही जवळ घेऊन बसा.

तुम्ही मला जिल्हा मंडळाच्या पाहणी शाखेत चिकटवले त्याला या महिन्यात एकोणीस वर्षे झाली. पहिल्या दिवशी तुम्ही मला दोन गोष्टी दिल्या होत्या: खुर्चीवरची उशी आणि अहवालांच्या नमुन्यांची वही. उशी केव्हाच चपटी झाली, वही मात्र अजून टवटवीत आहे. त्यात तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात सात नमुने आहेत. खांब झुकला तर पहिला, नळ गळला तर दुसरा, असे करत करत चौथा, तुमचा लाडका: ‘सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली असता वस्ती आढळून आली नाही, सबब तेथील सेवा चालू ठेवण्याचे प्रयोजन दिसत नाही.’ तुम्ही म्हणायचात, जागेवर गेलं की माणसं भेटतात, माणसं भेटली की गाऱ्हाणी ऐकावी लागतात, आणि गाऱ्हाणी ऐकली की अहवाल बिघडतो. मी तुमचे ऐकले. एकोणीस वर्षांत माझा एकही अहवाल बिघडला नाही आणि चपलेचा एकही अंगठा तुटला नाही.

यंदा मंडळाने ठरवले की दिवे, पाणी, कचरा आणि बस यांची चार वेगळी कंत्राटे मोडून एकच जाडजूड कंत्राट द्यायचे. कंत्राटदार म्हणाला, घेतो, पण नऊ ओसाड गल्ल्या यादीतून काढून द्या. नऊच का, हे कुणी विचारले नाही. (आपल्याकडे आकडा एकदा ठरावात बसला की त्याला उठ म्हणायची कुणाची छाती होत नाही.) चाळीस गल्ल्यांची यादी माझ्या टेबलावर आली, नुसते क्रमांक, नावे नाहीत, मुदत तीन दिवस. मी तिसऱ्या दिवशी जेवणानंतर यादी पुढे ओढली, डोळे मिटले आणि नऊ वेळा पेन्सिल टेकवली. सातव्यांदा ती ३१७ वर टेकली. आता तुम्ही म्हणाल, मग काय झाले? मामा, आम्ही चौदा वर्षे राहतो ती टाकीमागची गल्ली म्हणजेच क्रमांक ३१७. टाकीमागची गल्ली म्हटले की रिक्षावाल्यापासून कुत्र्यापर्यंत सगळे ओळखतात, पण क्रमांक फक्त फाईलला ठाऊक. काखेत कळसा होताच. गावाला वळसा घालायचा मात्र मी कधी घातला नाही, हीच तर गोम. सभेत नव्या खुर्च्यांचा ठराव आणि चहा यांच्या मधल्या चार मिनिटांत नऊच्या नऊ गल्ल्या एकमताने ओसाड झाल्या. इतिवृत्त मीच लिहिले.

मला पत्ता लागला तो बुधवारी सकाळी दहाला. कंत्राटदाराची दोन माणसे शिडी घेऊन गल्लीत आली आणि दिवे उतरवू लागली. समोरच्या शिवणकामवाल्या काकू (तोंडाने त्यांच्या मशीनपेक्षा वेगवान) खिडकीतून ओरडल्या, अरे कुणाच्या हुकुमाने? शिडीवरच्याने हातातला कागद पाहिला, मग काकूंच्या खिडकीकडे पाहिले, अगदी काकू होत्या तिथेच, आणि खालच्या माणसाला म्हणाला, ‘‘वारा सुटलाय बघ.’’ मला वाटले बेरकी आहे, मुद्दाम करतो आहे. मी खाली उतरून शिडीपाशी उभा राहिलो, खाकरलो, त्याच्या नाकासमोर टाळी वाजवली. त्याने डोळ्यांत धूळ गेल्यासारखे डोळे चोळले. काकूंनी हळूच खिडकी लावून घेतली. तेव्हापासून त्या दबक्या आवाजात बोलतात, आणि आता सगळी गल्लीच तशी बोलते. ओरडणारे घर नको वाटायचे, आज तेच बरे होते असे वाटते.

मग बसचा थांबा गेला. मग टपाल. आमचा पोस्टमन तुम्हाला आठवत असेल, तो मिशीवाला, आईच्या हातचा चहा पिऊन उरलेली पत्रे वाटणारा. तो मला चौकात भेटला, चांगला गळ्यात पडला, आणि विचारतो काय, तर हल्ली कुठे राहता? मी त्याला दंडाला धरून गल्लीच्या तोंडाशी आणला. भर दुपार होती, समोर सरळ गल्ली, दोऱ्यांवर कपडे, तिसऱ्या दारात आमची आई हात हलवत उभी. त्याने बराच वेळ बघितले आणि हळहळून म्हणाला, ‘‘इथं पूर्वी गल्ली होती, नाही? माणसं फार चांगली होती हो.’’ आणि डोळे पुसत निघून गेला. आईचा हात वरच्या वर राहिला. मग तिने त्याच हाताने पदर सारखा केला आणि आत गेली. मला रडू आले, मामा. रस्त्यात, एवढ्या मोठ्या माणसाला.

मी तसाच साहेबांकडे गेलो. म्हटले, हातच्या कंकणाला आरसा कशाला, मी स्वतः तिथे राहतो. साहेबांनी फाईल उघडली, माझी सही मला दाखवली आणि विचारले, तुमच्या सहीवर विश्वास ठेवू की तोंडावर? मी म्हणालो, तोंडावर. ते म्हणाले, तोंडाचा आवक क्रमांक काय? मग नरमले (माणूस वाईट नाही, फक्त साहेब आहे) आणि नियम वाचून दाखवला: चुकीची दुरुस्ती होऊ शकते, पण फेरपाहणी दुसऱ्या पाहणी अधिकाऱ्याने जागेवर जाऊन करावी, स्वतःच्या घराची पाहणी स्वतःला करता येत नाही. आणि शाखेत दुसरा अधिकारी नाही, कारण तुमच्या निवृत्तीनंतर मंडळाने तुमच्या जागेवर माणूसच भरला नाही.

ओसाड ठरलेली एखादी गल्ली पूर्वी कधी परत यादीत आली होती का, ते शोधायला मी अभिलेख खोलीत गेलो. आली नव्हती. पण एक फाईल सापडली, गल्ली क्रमांक ८८, जुन्या दवाखान्यामागची. अहवाल तुमचा, नमुना चौथा, एकतीस वर्षांपूर्वीचा. त्याखाली एकतीस अर्ज, दरवर्षी एक, सगळे एकाच अक्षरात आणि सगळ्यांत एकच मागणी: कृपया एकदा समक्ष पाहणी व्हावी. शेवटचा अर्ज गेल्या महिन्यातला होता, शाई ताजी होती, आणि कुणी आणून दिला ते शिपायाला, आवक बारनिशीच्या नोंदवहीला, कुणालाच ठाऊक नाही. मामा, पाचावर धारण बसली. तरी मी चपला घातल्या आणि एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा जागेवर गेलो.

भर बाराची वेळ. गल्ली आहे. झाडलेली, सडा घातलेली. दोरीवर धुणे, आणि त्यातून पाणी ठिबकत होते. (नळ आपण एकतीस वर्षांपूर्वी तोडला आहे, मी नोंद पाहिली.) कुठल्याशा घरात कुकरची शिट्टी झाली. माणूस मात्र एकही नाही. पहिले दार उघडेच होते. आत टेबलावर कपात चहा, वाफ येत असलेला, आणि भिंतीवर चौकट करून लावलेला तुमचा अहवाल. मी सवयीने फॉर्म काढला आणि हात आपोआप लिहू लागला, सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली असता. एवढ्यात माझ्यामागे कोणीतरी खुर्ची सरकवली आणि म्हाताऱ्या बाईचा, फार आदबशीर, आवाज आला: ‘‘बसा. कार्यालयातून आलात ना? तुमच्या आधी जे आले नव्हते, ते कसे आहेत?’’

मी वळून पाहिले. खुर्ची होती. मी त्या खुर्चीला सांगितले की तुमचा मोतीबिंदू काढला. आवाज म्हणाला, बरं झालं, आता दिसेल त्यांना. आमचं काही भांडण नाही म्हणावं, एकदा येऊन बघून जा, बघितलं की झालं. मी चहा प्यायलो. (न पिऊन कसे चालेल, साखर माझ्या मापाची घातली होती.) निघताना दोन्ही बाजूंच्या दारांतून पुष्कळ माणसे निरोप द्यायला उभी आहेत असे वाटत राहिले. मी रिकाम्या गल्लीला नमस्कार करत करत बाहेर आलो.

आता खरी गोष्ट सांगतो, जी आईला सांगितलेली नाही. त्या दिवशी घरी परतलो आणि गल्लीच्या तोंडाशी थबकलो. आमची गल्ली मला रिकामी दिसली. कपडे होते, दारे होती, काकूंचे मशीन चालल्याचा आवाजही येत होता, पण मशीनपाशी कोणी नव्हते. मी आईला हाक मारली. हळू ओरड रे, असे उत्तर आले आणि मग, उन्हातून आत आल्यावर हळूहळू दिसू लागते तशी, आई दिसली. दुसऱ्या दिवशी त्याहून उशिरा दिसली. काल मी चहा संपवेपर्यंत समोर नुसता पाट होता. गल्लीतल्या इतर सगळ्यांना सगळे दिसतात, मी विचारले. सही माझी आहे, तेव्हा डोळेही माझेच जात असावेत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करू?

सोमवारी मंडळाची सभा आहे. त्यात आमचा नळ बंद करण्याचा आणि जागा कंत्राटदाराला गाड्या उभ्या करायला देण्याचा ठराव आहे. इतिवृत्त मलाच लिहायचे आहे. त्याआधी दुसऱ्या अधिकाऱ्याची फेरपाहणी पोचली तर ठराव थांबतो, आणि निवृत्त अधिकारीही चालतो असे साहेबांनी लेखी दिले आहे. बाकी क्षेम. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक (हेच नडले) भाचा

ता. क. तुम्ही दमला असाल, गुडघे दुखत असतील, प्रवास झेपत नसेल, तर आग्रह नाही. वरचा मजकूर करमणुकीसाठी लिहिला असे समजावे.

ता. क. २. तसे समजू नये. रविवारच्या गाडीने या. घरी बसून ‘आलो असे समजावे’ म्हणून कळवू नका, हात जोडतो. आधी ८८ ला जाऊ, ती माणसे म्हणजे तुमची एकतीस वर्षांची थकबाकी आहे. मग आमच्याकडे. वही आणू नका, नवा डोळा आणि चष्मा आणा.

ता. क. ३. पत्र आईला वाचून दाखवले. ती मला दिसत नाही ते कलम गाळून वाचणार होतो, पण वाचताना भान राहिले नाही. समोर मला नुसती खुर्ची दिसत होती. तिथून आई म्हणाली, दादाला लिही, तुझ्या धाकट्या बहिणीला बघायला ये, पाहणीला नको.

ता. क. ४. सुरुवातीचा साष्टांग नमस्कार आत्ता खरोखर घातला, तुमच्या गावाकडे तोंड करून, फरशीवर. गुडघ्यातून कळ आली आणि उठता येईना. आईने खांद्याला धरून उठवले. हात तिचाच होता, आयुष्यभर भांडी घासून खरबरीत झालेल्या बोटांचा. मी वर पाहिलेले नाही. तुम्ही येईपर्यंत पाहणार नाही.